लय पळवलीस, सुगत

सुगत,

योनासने परवा तुझं नाव पहिल्यांदा नीट उच्चारलं. इतकी वर्षं तू त्याचा 'झुगाट' होतास. तूही कधी दुरुस्त केलं नाहीस. उलट जर्मन लोकांशी फोनवर बोलताना स्वतःच 'झुगाट' म्हणून मोकळा व्हायचास. परवा दफनभूमीतल्याच दहनगृहाच्या त्या उंच छताच्या हॉलमध्ये योनास उठला, खिशातले हात बाहेर काढले आणि म्हणाला, "सुगत." नंतर प्रज्ञाने सांगितलं की आदल्या दिवशी तो तुमच्या घरी येऊन बसला होता आणि मित्रा त्याला शिकवत होती. तुझी नऊ वर्षांची लेक आपल्या बापाच्या बँडमधल्या ड्रमरला सांगत होती, गळ्यातून आवाज काढायचा नाही, नुसती हवा सोडायची. त्याला म्हणे अर्धी दुपार लागली.

काय झालं, कसं झालं, डॉक्टर काय म्हणाले, हे प्रज्ञाने आणि मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलंय, की ते आता तुझ्याबद्दलचं वाटतच नाही. ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते, की माणसं खूप आली. ड्रेस्डेनमधली तर होतीच, पण एर्लांगेनहून, वाल्डॉर्फहून लोक गाड्या बदलत बदलत आले. त्यातल्या निम्म्यांना मी ओळखत नव्हते. दरवर्षी जयंतीला तू ढोलकी घेऊन ज्यांच्याकडे जायचास ती ही मंडळी, हे मला तिथे कळलं. त्यांनी त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हटलं, आणि हॉलमधले सगळे जर्मन लोक आपोआप उभे राहिले. उभं राहायचं असतं असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, अर्थ तर नाहीच नाही. मी मनात म्हटलं, घे, हा एक मुद्दा तुझ्या बाजूने.

कारण आपलं भांडण यावरच होतं. गाण्याआधी त्याचा अर्थ सांगावा की सांगू नये. लग्न, मूल, पीएचडी, नोकरी, सगळं येऊन गेलं, आपल्या बँडमध्ये केस पांढरे झाले, पण हे भांडण तसंच तरुण राहिलं.

बँडला 'पोटमाळा' हे नाव तू दिलंस. विद्यार्थी वसतिगृहाच्या पोटमाळ्यावर आपण जमायचो, वाळत घातलेल्या चादरींच्या मधे. तुझी ढोलकी आणि तुझा गळा. माझं अकॉर्डियन, एल्बेकाठच्या जुन्या बाजारात मिळालेलं. इचलकरंजीला पेटी शिकलेल्या पोरीला ते उभी केलेली पेटीच वाटायचं. योनासचे ड्रम्स. आणि लिनची गिटार. लिन तुझ्याबरोबर सेमीकंडक्टरच्या लॅबमध्ये मास्टर्स करत होता, आणि चौघांत खरा वाजवणारा तोच होता. तो शिकून परत चीनला गेला तेव्हा बँड संपला असं मी धरून चालले होते. करोनाच्या आदल्या वर्षी त्याचा फोन आला. म्हणाला, इकडे या, मी गावोगावच्या छोट्या छोट्या जागा ठरवल्या आहेत, गाणी आपलीच, झोपायची सोय मी करतो, पैसे मात्र मिळणार नाहीत.

तू लगेच हो म्हणालास. मित्रा तेव्हा दुडूदुडू चालत होती, प्रज्ञाची नोकरी नवी होती, तुझी वर्षाची सगळी सुट्टी त्यात जाणार होती. मी विचारलं, प्रज्ञा काय म्हणाली. तू म्हणालास, तिनेच सांगितलं जा म्हणून, नाहीतर वर्षभर तोंड पाडून बसशील. मी तिला परवा विचारलं. ती म्हणाली, मी असं काहीही म्हटलं नव्हतं, पण बॅग भरताना त्याचं गुणगुणणं ऐकलं आणि गप्प बसले.

कसे फिरलो रे आपण. जिथे वेगवान गाड्या होत्या तिथेही आपण त्या जुन्या हिरव्या गाड्यांनी गेलो, ताठ पाठीच्या बाकड्यांवर, मांडीवर वाद्यं घेऊन. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा बंब असायचा, आणि सगळा डबा त्यावर जगायचा. चहा त्यावर, नूडल्सचे कागदी वाडगे त्यावर. तू नागपूरहून आलेली शेंगदाण्याची चटणी त्या नूडल्समध्ये कालवायचास आणि आजूबाजूच्यांना वाटायचास. एका आजीबाईंनी चिमूटभर जिभेवर ठेवली, विचार केला, आणि लिनला काहीतरी बोलल्या. लिन म्हणाला, त्या म्हणतात चव चांगली आहे, पण तिखट घालायला विसरलात का. तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. विदर्भाच्या माणसाला असं कुणी बोललं नसेल.

रात्री कुठे बारच्या माळ्यावर, कुठे लिनच्या शाळूसोबत्याच्या दुकानात अंथरुणं पडायची. संध्याकाळी गाणं. समोर कधी पंधरा, कधी चाळीस माणसं, बहुतेक कॉलेजची पोरं. आणि प्रत्येक गाण्याआधी माझं बोलणं. मला वाटायचं, इतक्या लांब आलोय, तर यांना कळायला नको का की हे जात्यावरचं आहे, हे लावणीच्या अंगाचं आहे, हे आपण स्वतः बांधलंय. मी इंग्रजीत मनापासून पाच मिनिटं बोलायचे, लिन माईक घेऊन चिनीत एक वाक्य बोलायचा, आणि पोरं मान डोलवायची. असं सात-आठ गाण्यांना झाल्यावर तू त्याला विचारलंस, तू नक्की सांगतोस तरी काय. लिन ओशाळला. म्हणाला, मी सांगतो, हे गाणं आईबद्दल आहे. प्रत्येक वेळी? हो, म्हणाला, प्रत्येक वेळी, लोकांना चालतं.

तू हसून हसून खाली बसलास. मला राग आला होता, आणि तुला तो वाढवायचा होता. दुसऱ्या दिवशी गाडीत तू सुरू केलंस. गाणं म्हणजे काय शाळेतला धडा आहे का, आधी शब्दार्थ, मग संदर्भ. सूर पोचला की पोचला, नाही पोचला तर तू कितीही समजाव. योनास खिडकीकडे बघत 'गेनाऊ' म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर. तो नेहमी तुझ्या बाजूने असायचा, मुद्दा न ऐकताही.

मग मी म्हटलं, असं असेल तर तुझ्या बाबांचं गाणं म्हण ना उद्या. सूर पोचतो म्हणतोस, तर तो पोचू दे.

ते गाणं मी एकदाच ऐकलं होतं, तुमच्या स्वयंपाकघरात, भांडी घासताना तू म्हणत होतास. तुझ्या बाबांची वस्तीत गायन पार्टी होती. जयंतीला, लग्नांत, विहाराच्या पटांगणात ते गायचे. तुझी आजी पन्नाशीत साक्षरतेच्या वर्गाला जायला लागली तेव्हा त्यांनी तिच्यावर ते गाणं बांधलं होतं.

अक्षराची वाट माझ्या दारातून गेली
माय माझी पन्नाशीत शाळेला निघाली

आपण चीनला गेलो त्याच्या आदल्या हिवाळ्यात बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. जीव वाचला, आवाज गेला. म्हणजे ते गाणं म्हणणारं आता तुझ्याखेरीज कुणी नव्हतं, आणि तू ते स्टेजवर म्हणायला तयार नव्हतास.

गाडीत तू एकदम गंभीर झालास. म्हणालास, "ते गाणं बियरचा ग्लास हातात धरून ऐकायचं नाही."

"मग सूर पोचतो त्याचं काय झालं?"

"ती गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी?"

तू चिडलास की तुझी पुण्या-मुंबईची भाषा गळून पडायची. "तुले आवडलं म्हणून गाऊ काय? ते ऐकून टाळ्या वाजवतील, म्हणतील काय छान चाल आहे. छान चालीसाठी नाही बांधलं ते." मग विचारलंस, "तुमच्या इचलकरंजीत तुमच्या गल्लीतून जयंतीची मिरवणूक जायची का गं?"

मी म्हटलं, जायची, आम्ही गच्चीवरून बघायचो.

"बघायचात," तू म्हणालास. तेवढंच. त्या एका शब्दावर तू जोरही दिला नव्हतास. बाहेरची भातशेतं बघताना माझ्या लक्षात आलं की मला त्या मिरवणुकीतलं एकही गाणं येत नाही. चाल आठवते, शब्द नाहीत. इतक्या वरून शब्द ऐकू येत नसत.

नंतरचं गाव नदीकाठचं होतं, हुबेईतलं, कापडगिरण्यांचं. तिथे सगळं फिसकटलं. ज्या जागी गायचं होतं तिला कुलूप. आग विझवण्याच्या सोयी नीट नाहीत म्हणून तपासणीवाल्यांनी बंद केली होती. पुढच्या गावचा कार्यक्रमही त्याच मालकाचा, म्हणजे तोही गेला. योनासचं पोट बिघडलेलं, दोन दिवस त्याच्या पोटात पाणी ठरत नव्हतं. आपण लिनच्या मावशीच्या घरी उतरलो, गिरणी कामगारांच्या जुन्या वसाहतीत. लांब गॅलरी, दारासमोर वाळत घातलेले कपडे, खाली सायकली. मला क्षणभर माझ्या आत्याच्या घरी आल्यासारखं झालं. त्या घरात भरदुपारी योनास आणि लिनचं जुंपलं. योनास म्हणाला, मी परत जातो, ही सगळी पोरकटपणाची ट्रिप आहे, तू काहीच पक्कं केलं नव्हतंस. लिनची मान खाली. त्याने आपल्या देशात, आपल्या मावशीसमोर ते ऐकून घेतलं आणि नंतर गॅलरीत जाऊन उभा राहिला. मीही मनातून योनासच्या बाजूने होते. थकले होते. तिकिटं बदलता येतात का ते फोनवर बघायला लागले होते.

तू मात्र स्वयंपाकघरात गेलास. मावशींच्या डब्यांची झाकणं उघडून बघितलीस, तांदूळ सापडला, हिरवे मूग सापडले. मावशींना तुझी भाषा येत नव्हती, तुला त्यांची. तू पोटावर हात ठेवून योनासकडे बोट दाखवलंस, त्यांना समजलं. मग तुम्ही दोघांनी मिळून खिचडी केली. त्या आलं घालू बघत होत्या, तू थांबवत होतास, शेवटी त्यांनी घातलंच. योनासने ती वाडगाभर खाल्ली आणि ती पोटात टिकली. तो तिथेच भिंतीला टेकून झोपला. मावशी तुझ्याकडे बघून लिनला म्हणाल्या, या मुलाला उद्या सकाळी माझ्याबरोबर बागेत पाठव.

ती बाग आठवते ना. सकाळची कोवळी उन्हं, मोठाली झाडं, आणि सगळं गाव तिथे. कुणी बॅडमिंटन खेळतंय, कुणी पंख्यांचा नाच करतंय, एक म्हातारबुवा भलामोठा ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढतायत आणि ती उन्हाने वाळून जातायत. पलीकडे झाडाखाली मावशींची मंडळी उभी होती. गिरणीतून निवृत्त झालेल्या वीसेक बायका-पुरुष, सोबत दोन तारांचं ते त्यांचं वाद्य वाजवणारे एक आजोबा. सगळे उभ्याने गात होते, खच्चून, अगदी मनापासून. श्रोते कुणीच नव्हते. ते एकमेकांसाठी गात होते.

तू बराच वेळ ऐकत राहिलास. मग माझ्याकडे वळून म्हणालास, "ही तर गायन पार्टी आहे."

त्यांचं गाणं संपल्यावर मावशींनी तुला खूण केली. तू ढोलकी गळ्यात अडकवलीस. मी सवयीने पुढे झाले, बोलायला. तू म्हणालास, "थांब. काही सांगू नकोस." आणि सुरू केलंस. मला पहिल्या ओळीपर्यंत कळलं नव्हतं की तू कुठलं गाणं म्हणणार आहेस.

तुझा आवाज तेव्हा कसा लागला हे मी नाही सांगणार, तुला माहीत आहे. ते आजोबा दुसऱ्या कडव्यापासून तारांवर तुझ्यामागे यायला लागले. गाणं संपलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मावशी पुढे आल्या आणि लिनला काहीतरी विचारलं. लिन म्हणाला, "ती विचारते, हे कुणाचं आहे?" म्हणजे कुणी लिहिलं असं नाही, कुणासाठी आहे, असं.

तू माझ्याकडे बघितलंस. "सांग तू."

मला कथानक माहीत होतं. पण कुणासाठी आहे हे सांगायला जे लागतं ते माझ्याकडे नव्हतं. इतक्या गावांत जिथे कुणी विचारलं नव्हतं तिथे मी पाच-पाच मिनिटं बोलले होते, आणि जिथे विचारलं तिथे मी गप्प.

मग तूच बोलायला लागलास. आजी शेण्या थापायची, तिला शाळेच्या पायरीवर कुणी बसू दिलं नव्हतं ते. बाबांनी तिला विहाराच्या पटांगणातल्या वर्गात कसं नेलं ते. पहिल्या दिवशी तिने पाटी पदराखाली लपवून नेली ते, आणि स्वतःचं नाव लिहून झाल्यावर तिने बाबांना विचारलं, एवढंच होतं का रे, एवढ्यासाठी आम्हाला इतकी वर्षं लांब ठेवलं. बोलता बोलता तू मराठीत गेलास, परत इंग्रजीत आलास. आणि लिन, आपला एका वाक्यात उरकणारा लिन, तुझ्याइतकाच बोलला, खरं तर जास्तच. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, माझी आई गिरणीतल्या वर्गात शिकली. मशीनचा आवाज कानात घेऊन यायची आणि मला मांडीवर बसवून माझ्या पाठीवर बोटाने अक्षरं गिरवायची. मला ती वाचता येत नव्हती, पण पाठीला आठवतात.

त्यांना ते धृपद शिकायचं होतं. लिनने उच्चार सांगितले आणि त्या ब्रशवाल्या म्हातारबुवांनी ते चिनी अक्षरांत फरशीवर लिहून दिले, पाण्याने. वीस माणसं खाली बघून 'अक्षराची'चं 'आ-का-शा-ला-ची' म्हणत होती आणि ओळ वाळून जायच्या आत पाठ करायची त्यांची घाई चालली होती. योनास पिवळ्या पडलेल्या चेहऱ्याने बाकावर बसून होता. तो उठला, तुझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि बाकाच्या लाकडी पाठीवर बोटांनी तुझा ठेका धरला. परत जाण्याचं त्याने त्यानंतर नाव काढलं नाही. लिनची माफी त्याने मागितली की नाही मला माहीत नाही, पण दोघं एकाच सायकलवर घरी आले.

लिनने फोनवर सगळं चित्रित केलं होतं. ते तू नागपूरला पाठवलंस. आपण रस्त्यावर नूडल्स खात होतो, नागपुरात जेमतेम उजाडलं असेल, आणि तुझ्या ताईने पाठवलेला फोटो आला. बाबा हसत होते, हातात भाच्याची पाटी. त्यांनी लिहिलं होतं: लय पळवलीस. परत म्हण.

तू तो फोन टेबलावर पालथा ठेवलास, नूडल्सचा वाडगा संपवलास, आणि मग रडलास. मधेच हसायचास आणि म्हणायचास, बुवाला आवाज नाही तरी ठेका सोडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू त्याच झाडाखाली ते संथ म्हटलंस. त्या वेळी पाटीवर नुसतं 'हं' आलं. ताईने सांगितलं की तुमच्या घरात 'हं'च्या वर कुणालाच कधी मिळालेलं नाही.

पुढच्या प्रत्येक गावी आपण असेच उठलो. संध्याकाळी बारमध्ये नेहमीची गाणी, सकाळी गावची बाग आणि बाबांचं गाणं. बारमध्ये ते तू शेवटपर्यंत म्हटलं नाहीस. एकदा लिन मला बाजूला घेऊन म्हणाला, एवढ्या सगळ्या गाण्यांत हे एकच खरोखर आईबद्दल निघालं.

मला तुला एक विचारायचं राहून गेलं. 'सांग तू' असं तू मला म्हणालास ते सहज की मुद्दाम. माझी परीक्षा घेत होतास की मला जागा करून देत होतास. मी मनात दोन्ही धरून ठेवलंय, आणि वय वाढतंय तसं दुसरं जास्त खरं वाटतं. त्या सकाळनंतर मी शब्द शिकायला लागले. तुझ्याकडून, मग तुझ्या ताईकडून फोनवर, मग दरवर्षी इचलकरंजीला गेल्यावर मिरवणूक जिथून निघायची, गल्लीच्या त्या टोकाला राहणाऱ्या शांताबाईंकडून. त्या मला दारात उभी बघून आधी चकित झाल्या होत्या. आता त्या मला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. हे सगळं तुला तुकड्या-तुकड्यांनी माहीत होतं, पण यासाठी तुझे आभार मानायचे असतात हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही. आता मानते. तू असतास तर म्हणाला असतास, काहून गं, निवडणुकीला उभी आहेस काय.

आणि आपलं शेवटचं बोलणं. तू शिफ्ट संपवून राइनराउममधून, त्या धूळमुक्त खोल्यांमधून बाहेर आला होतास, केसांवर टोपीचा वळ तसाच. मित्राला घरातलं मराठी सगळं कळतं पण ती उत्तर जर्मनमधून देते, याची तुला काळजी लागली होती. तू बाबांच्या गाण्याचा जर्मन अनुवाद करायला घेतला होतास. मी म्हटलं, नको करूस, ऐकून ऐकून पोचेल तिला. तू चालता चालता थांबलास.

"हे तू बोलतेस?"

"हो. आणि अर्थ सांगायला हवा, हे तू बोलतोयस?"

आपण दोघंही एकदम हसलो. इतक्या वर्षांनी कधीतरी आपण बाजू बदलल्या होत्या आणि कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तू म्हणालास, गुरुवारी प्रॅक्टिसला ये, नीट भांडू. मग तुझी ट्राम आली.

गुरुवारी प्रॅक्टिस झाली नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. पण कालच्या गुरुवारी योनासने खोली उघडली, हीटर लावला आणि आम्हा सगळ्यांना मेसेज केला. लिन स्क्रीनवर आला. कुणी फारसं वाजवलं नाही. योनासने ढोलकीची शाई पुसली, दोऱ्या सैल केल्या, तू करायचास तशा. पण येत्या गुरुवारचं ठरलं.

प्रज्ञा तुझ्या अस्थी नागपूरला नेण्याच्या कागदपत्रांमागे आहे. तिचं आज एक ऑफिस, उद्या दुसरं असं चालू आहे, म्हणून शाळा सुटल्यावर मी मित्राला आणते. आज ट्राममध्ये ती खिडकीशी बसली होती, दप्तर मांडीवर. तिने जर्मनमध्ये विचारलं, "पापा चीनमध्ये घाबरला होता का?" कुठून आलं हे तिच्या डोक्यात कुणास ठाऊक. मी म्हटलं, नाही गं, पण योनास अंकल घाबरला होता. तिला ते फार आवडलं. म्हणाली, सांग.

मी मराठीतच सांगायला लागले. तिखट नसलेली चटणी सांगितली, कुलूप लावलेलं दार सांगितलं, योनासचं भांडण थोडं मवाळ करून सांगितलं. ती मधे मधे जर्मनमध्ये प्रश्न विचारत होती. मूग म्हणजे काय, मावशी कुणाची मावशी, पापाला चिनी कसं कळलं. मी कुठे समजावत होते, कुठे तसंच सोडून देत होते. आपल्या दोघांपैकी कुणाचं बरोबर याचा मी त्या वेळी विचार करत नव्हते.

तू झाकणं उघडून बघत होतास तिथपर्यंत आले आणि तुमच्या घराचा थांबा आला. मी तिचं दप्तर उचलायला हात पुढे केला. तिने दप्तर धरून ठेवलं. दारं उघडली, दोन माणसं उतरली, दारं मिटली.

"मग?" ती म्हणाली. अगदी स्वच्छ मराठीत, तुझ्यासारखं. "मग काय झालं?"

ट्राम पुढे निघाली होती, नदीच्या बाजूला. मी दप्तर सोडून दिलं आणि पुढचं सांगायला लागले.